सवलतीचे अर्थशास्त्र : व्हिडिओ गेमची दुकाने आणि देवगडचा हापूस

(द्वितीय वर्ष बी.ए., अर्थशास्त्र)

किंमत कशी ठरते, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या पहिल्या पाठापासूनच विद्यार्थ्याच्या मागे लागतो. मागणीची रेषा व पुरवठ्याची रेषा जेथे एकमेकींस छेदतात तेथे किंमत ठरते, असे आपण प्रथम वर्षी फळ्यावर पाहिले आणि वहीत उतरवून घेतले. परंतु फळ्यावरचा सिद्धांत बाजारात नेऊन पडताळून पाहण्याची सवय आपल्याला फारशी नसते. प्रस्तुत लेखात तसा एक अल्पसा प्रयत्न करावयाचा आहे. त्यासाठी जो बाजार निवडला आहे तो तरुण मित्रांच्या परिचयाचा, पण वडीलधाऱ्यांना बहुधा अनोळखी असा आहे. तो म्हणजे संगणकावर व्हिडिओ गेम विकणाऱ्या दुकानांचा बाजार. आणि तुलनेसाठी घेतला आहे तो आपणा सर्वांच्या अंगणातला, देवगडच्या हापूस आंब्याचा.

येथे एक खुलासा करतो. गेम म्हणजे पैसे लावून खेळावयाचे जुगारवजा खेळ मला अभिप्रेत नाहीत. त्या खेळांवर केंद्र शासनाने ऑगस्ट २०२५ मधील कायद्याने बंदी घातली. मी बोलतो आहे ते एकदा किंमत देऊन विकत घ्यावयाच्या आणि घरी बसून खेळावयाच्या गेमबद्दल. पुस्तक किंवा चित्रपट जसा, तशीच ही एक वस्तू होय.

हा विषय सुचण्यास कारणही तसेच घडले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. वडिलांची थोडीफार कलमे आहेत व त्यावरच घर चालते. मुंबईस नोकरी करणारा माझा आतेभाऊ गणपतीला गावी आला असता त्याने लॅपटॉपवर एक गेम दाखविला आणि दोन हजारांची वस्तू सेलमध्ये चारशे रुपयांना मिळाली, असे मोठ्या आनंदाने सांगितले. वडिलांनी सहज विचारले, "जां कुसना नाय, तां सवाय कित्याक इकतत?" आंबा कुजतो म्हणून तो उतरत्या भावाने विकावा लागतो, हे बागायतदाराला कोणी शिकवावे लागत नाही. पण जी वस्तू कुजतच नाही ती स्वस्त का विकावी? प्रश्न साधा होता, पण मला त्याचे उत्तर देता आले नाही. ते शोधण्यासाठी जे वाचन व विचार केला तो येथे मांडीत आहे.

दुकानाची ओळख

पूर्वी गेम सीडीवर मिळत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा फोर्टातल्या पदपथावरून आणलेल्या नकली सीडींवरच आपल्याकडील कित्येकांची हौस भागली. सप्टेंबर २००३ मध्ये अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीने 'स्टीम' नावाची योजना सुरू केली. आरंभी तिचा हेतू आपल्याच गेममधील सुधारणा गिऱ्हाइकांच्या संगणकावर पोहोचविणे एवढाच होता. नोव्हेंबर २००४ मध्ये आलेला 'हाफ-लाइफ २' हा गेम खेळण्यासाठी स्टीम अनिवार्य करण्यात आले, आणि २००५ पासून इतरांचे गेमही तेथे विकले जाऊ लागले. आज संगणकावरील गेमचे हे सर्वांत मोठे दुकान आहे. मार्च २०२५ मध्ये एकाच वेळी त्यावर हजर असलेल्या लोकांची संख्या ४ कोटींच्या वर गेली होती.

या दुकानात माल ठेवावयास फळी लागत नाही. गिऱ्हाईक पैसे भरतो आणि गेम इंटरनेटवरून त्याच्या संगणकात उतरतो. गेमची किंमत दुकानदार ठरवीत नाही. ती गेम प्रसिद्ध करणारा ठरवितो आणि दुकानदार त्यातून आपला वाटा घेतो. आपल्याकडील अडत्याशी त्याची तुलना करता येईल. स्टीमचा वाटा सर्वसाधारणपणे ३० टक्के असतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये व्हॉल्व्हने जाहीर केले, की एखाद्या गेमची विक्री १ कोटी डॉलरच्या वर गेल्यास त्यापुढील विक्रीवर २५ टक्के आणि ५ कोटी डॉलरच्या पुढे गेल्यास त्यापुढे २० टक्के वाटा घेतला जाईल. म्हणजे मोठ्यास सवलत आणि लहानास पूर्ण अडत असा प्रकार झाला. बाजार समितीच्या आवारात वावरलेल्या माणसाला याचे नवल वाटू नये.

दुसरी प्रत फुकटात

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पेटीभर आंबा तयार करावयाचा तर खत, फवारणी, राखण, काढणी, पेटी, गवत आणि ट्रकचे भाडे हा सारा खर्च येतो. शंभर पेट्यांनंतर एकशे एकावी पेटी भरावयाची तर पुन्हा काढणी आली, पेटी आली, भाडे आले. या वाढीव नगाच्या खर्चालाच आपण सीमान्त खर्च म्हणतो.

गेमची गोष्ट निराळी आहे. पहिली प्रत तयार होण्यास अनेक माणसांची दोन-चार वर्षे आणि कोट्यवधी रुपये खर्ची पडतात. पण एकदा ती तयार झाली की दुसरी प्रत, दहा हजारावी प्रत किंवा दहा लाखावी प्रत काढण्यास जवळजवळ काहीच लागत नाही. स्थिर खर्च डोंगराएवढा आणि सीमान्त खर्च शून्याच्या आसपास, असे या वस्तूचे स्वरूप आहे. त्यामुळे चारशे रुपयांना विकलेल्या प्रतीतूनही दुकानाचा वाटा वजा जाता उरलेली रक्कम ही बहुतांशी मिळकतच ठरते. जो माणूस दोन हजार कधीच देणार नव्हता, त्याच्याकडून चारशे घेतल्याने विकणाऱ्याचे काही जात नाही. वडिलांच्या प्रश्नाच्या उत्तराचा हा पहिला भाग झाला. कुजण्याची भीती नसली तरी स्वस्त विकणे परवडते, कारण पुढचा नग फुकटात तयार होतो.

चाळीस पट उत्पन्नाचा हिशेब

मागणीची लवचिकता ही कल्पना आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात रूढ केली. तिचे एक प्रत्यक्ष उदाहरण या बाजारात मिळते. व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी २०११ साली एका सभेत आपले दोन प्रयोग सांगितले. पहिल्यात त्यांनी गाजावाजा न करता एका गेमची किंमत कमी-जास्त करून पाहिली. किंमत घटली की तेवढाच खप वाढे आणि एकूण उत्पन्न जेथल्या तेथे राही. याला आपण एकक लवचिक मागणी म्हणतो. दुसऱ्या प्रयोगात त्यांनी जाहीर सेल लावून किंमत ७५ टक्क्यांनी उतरविली. आधीच्या अनुभवावरून उत्पन्न तेवढेच राहावे अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते ४० पट झाले.

वाचकहो, या आकड्याचा अर्थ आपण पाटीवर मांडून पाहू. किंमत ७५ टक्क्यांनी उतरली म्हणजे ती पाव राहिली. उत्पन्न तेवढेच राहण्यास खप चौपट व्हावा लागतो. उत्पन्न ४० पट होण्यास तो ४ गुणिले ४०, म्हणजे १६० पट झाला पाहिजे. जेथे एक प्रत खपत होती तेथे एकशे साठ खपल्या! किंमत तीच असती आणि जाहिरात नसती तर हे घडले नसते, असे पहिल्या प्रयोगावरून दिसते. म्हणजे सेल ही नुसती स्वस्त किंमत नसून एक जत्राही आहे. 'आता घेतले नाही तर उद्या मिळणार नाही' ही भावना मागणीची रेषाच उजवीकडे सरकविते. आणि ध्यानात ठेवावयाची गोष्ट ही, की १६० पट माल पुरविण्यासाठी व्हॉल्व्हला एकही कलम जास्त लावावे लागले नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहे.

मूल्यभेद : माणूस पाहून किंमत

एकच वस्तू वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना वेगवेगळ्या किमतीस विकणे याला मूल्यभेद म्हणतात. ए. सी. पिगू यांनी १९२० सालच्या ग्रंथात त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. गेमच्या दुकानांत हा भेद मुख्यतः दोन वाटांनी केला जातो.

पहिली वाट देशाची. नोव्हेंबर २०१५ पासून स्टीमवर भारतीय गिऱ्हाइकांना रुपयांत किंमत दिसू लागली. ती किंमत म्हणजे डॉलरला चालू दराने गुणून काढलेला आकडा असेलच असे नाही. आपल्या लोकांची ऐपत पाहून अनेक गेम येथे कमी किमतीस ठेवले जातात. परंतु मूल्यभेद टिकावयाचा तर स्वस्त बाजारातून घेऊन महाग बाजारात नेण्याची वाट बंद असावी लागते. अर्जेंटिना व तुर्कस्तान येथील चलनांची किंमत घसरत गेली, तेव्हा इतर देशांतील लोक तेथले असल्याचे भासवून गेम घेऊ लागले. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॉल्व्हने त्या दोन देशांतील स्थानिक चलनातील किमती बंद करून डॉलरमध्ये सुरू केल्या. फसवणूक कोणी केली आणि भुर्दंड कोणाला बसला, हे सांगावयास नको.

दुसरी वाट काळाची. ज्याला गेम आल्या दिवशीच हवा, त्याच्याकडून पूर्ण किंमत घ्यावयाची. ज्याला सहा महिने धीर आहे, त्याला निम्म्यात द्यावयाचा. आणि ज्याच्याकडे पैसाच थोडा आहे, त्याला दोन-तीन वर्षांनी पाव किमतीत द्यावयाचा. आपल्या हापूसचा भावही असाच उतरत जातो. पाडव्याच्या सुमारास पहिल्या पेट्यांना जो भाव असतो तो मे महिन्याच्या मध्यास राहत नाही, आणि पाऊस तोंडावर आला की उरलेला आंबा कॅनिंगला किलोच्या भावाने जातो. कागदावर दोन्ही रेषा सारख्याच उतरत्या दिसतील. परंतु कारणे भिन्न आहेत. आंब्याचा भाव उतरतो तो पुरवठा वाढल्यामुळे व फळ टिकत नसल्यामुळे. गेमचा पुरवठा पहिल्या दिवशीही अमर्याद होता व शेवटच्या दिवशीही अमर्याद असतो. त्याची किंमत उतरविली जाते ती गिऱ्हाइकांच्या रांगेतून एकेक थर काढून घेण्यासाठी. बागायतदारावर उतार लादला जातो. गेमवाला उतार योजून आणतो.

थांबणारे गिऱ्हाईक

पण या योजनेतही एक खोट आहे. रोनाल्ड कोस यांनी १९७२ साली टिकाऊ वस्तूंच्या मक्तेदारीवर एक निबंध लिहिला. त्याचा सारांश असा, की वस्तू टिकाऊ असेल आणि पुढे ती स्वस्त होणार हे गिऱ्हाइकाला ठाऊक असेल, तर तो आज पूर्ण किंमत देणार नाही, तो थांबेल. मक्तेदार जणू स्वतःच्याच उद्याच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. आंब्याचे गिऱ्हाईक फार थांबू शकत नाही. मृगाचा पाऊस त्याच्यासाठी थांबत नाही. गेमचे गिऱ्हाईक मात्र वर्षभर थांबू शकते. स्टीमवर चारही ऋतूंत मोठे सेल होतात. गेम खेळणाऱ्या माझ्या मित्रांना मी विचारले, तेव्हा बहुतेकांचे उत्तर एकच होते : "आता कशाला घ्यायचा? सेल येईल की!"

दुकानालाही ही सवय काबूत ठेवावी लागते. म्हणूनच स्टीमचे काही नियम आहेत. गेम नवा आल्यावर पहिले ३० दिवस त्यावर तशी सवलत लावता येत नाही. मोसमी सेल सोडले तर एक सवलत संपल्यावर साधारण महिनाभर दुसरी देता येत नाही. १० टक्क्यांपेक्षा कमी किंवा ९० टक्क्यांपेक्षा जास्त सवलत चालत नाही. आधी किंमत वाढवून मग 'सवलत' दाखविण्यासही आडकाठी आहे. दिवाळीच्या सेलात छापील किमतीवर काट मारून खालची किंमत लिहिण्याची जी रीत आपण पाहतो, तिच्या मानाने हे नियम बरेच म्हणावे लागतील.

दुकाना-दुकानांतील स्पर्धा

स्टीमला प्रतिस्पर्धी नव्हते असे नाही. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट या कंपनीने २००८ साली 'गॉग' हे दुकान काढले. तेथे घेतलेल्या गेमच्या प्रतीला कुलूप नसते. ती आपल्याजवळ जपून ठेवता येते. परंतु खरी चुरस सुरू झाली ती डिसेंबर २०१८ मध्ये, एपिक गेम्स या अमेरिकन कंपनीने आपले दुकान उघडल्यावर. तिने फक्त १२ टक्के वाटा घेण्याचे जाहीर केले आणि गिऱ्हाइकांना गेम फुकट वाटावयास सुरुवात केली. मे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' हा प्रसिद्ध गेम फुकट दिला गेला तेव्हा गर्दीने ते दुकानच काही तास कोलमडले होते.

फुकट म्हणजे कोणाच्या खिशातून? याचे उत्तर २०२१ साली एपिक व ॲपल यांच्यातील खटल्यात पुढे आलेल्या कागदपत्रांत मिळाले. पहिल्या नऊ महिन्यांतील फुकट गेमसाठी एपिकने त्यांच्या निर्मात्यांना सुमारे १ कोटी १६ लाख डॉलर मोजले होते आणि त्यातून सुमारे ५० लाख नवी खाती मिळविली होती. म्हणजे दर नव्या गिऱ्हाइकामागे सव्वादोन-अडीच डॉलर पडले. हा पैसा 'फोर्टनाइट' या एपिकच्या लोकप्रिय गेमच्या कमाईतून येत होता. पण असा पैसा कायम पुरत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये एपिकने सुमारे ८३० माणसांना, म्हणजे आपल्या नोकरवर्गाच्या सुमारे १६ टक्के लोकांना, कामावरून कमी केले. कंपनी मिळवते त्याहून जास्त खर्च करीत आली, असे कारण प्रमुख टिम स्वीनी यांनी दिले.

येथे एक जिज्ञासा उत्पन्न होते. दुकानाचा वाटा ३० ऐवजी १२ टक्के झाला, तर गेमची किंमत त्या दुकानात उतरावयास नको का? समजा, कर बाजूला ठेवून गेमची किंमत १००० रुपये आहे. स्टीमवर निर्मात्याच्या हाती ७०० रुपये पडतात आणि एपिकवर ८८०. एपिकवर ८०० रुपयांना विकला तरी हाती ७०४ रुपये पडतील. गिऱ्हाइकाचे २०० वाचतील. असे असूनही दोन्हीकडे मूळ किंमत बहुधा सारखीच दिसते. वुल्फायर या लहान गेम कंपनीने एप्रिल २०२१ मध्ये व्हॉल्व्हवर दावा लावला. दुसरीकडे स्वस्त विकण्यास व्हॉल्व्ह आडकाठी करते, असा तिचा आरोप आहे. व्हॉल्व्हने तो नाकारला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकन न्यायालयाने हा दावा सर्व निर्मात्यांच्या वतीने सामूहिक म्हणून चालविण्यास मान्यता दिली. आरोप खरा की खोटा हे ठरविणे न्यायालयाचे काम. परंतु वरचा हिशेब वाचून इतके समजते, की दुकाने वाढली म्हणून किंमत आपोआप उतरत नाही.

आपल्या देशात अशा प्रकरणांसाठी २००२ चा स्पर्धा कायदा आहे. १९६९ च्या मक्तेदारी कायद्याची जागा त्याने घेतली. प्रतिस्पर्ध्याला बुडविण्यासाठी खर्चापेक्षाही कमी किमतीत माल विकणे, हा या कायद्याच्या चौथ्या कलमानुसार गैरवापर ठरतो. मात्र तसे करणारी कंपनी बाजारात वरचढ असावी लागते. लहान दुकानाने फुकट वाटले तर ती स्पर्धा, आणि मोठ्याने वाटले तर तो गुन्हा ठरू शकतो, हा भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. मोबाइलवरील गेमच्या दुकानालाही या कायद्याची झळ लागली. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलच्या प्ले स्टोअरमधील पैसे घेण्याच्या सक्तीबद्दल ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो २१६.६९ कोटींवर आणला.

निर्मात्याची बाजू

मे २०१९ मध्ये एपिकने एक मोठा सेल लावला. ठरावीक किमतीवरील प्रत्येक गेमवर १० डॉलर सूट, आणि तो भार एपिक स्वतः सोसणार. निर्मात्याच्या हाती पूर्ण पैसे पडणार होते. तरीही काही निर्मात्यांनी आपले गेम सेल संपेपर्यंत दुकानातून काढून घेतले. त्यांत एक गेम तर अजून प्रसिद्धही व्हावयाचा होता. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हे विचित्र वाटले. मग उमजले, की गिऱ्हाइकाच्या मनात एकदा किंमत खाली बसली, की ती पुन्हा वर चढत नाही. आजचे पैसे पूर्ण मिळाले तरी उद्याची किंमत जाते.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण पाहावयाचे तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहान संस्थेचे घ्यावे. भारतीय पुराणकथांच्या वातावरणावर आधारलेला 'राजी' हा त्यांचा गेम. २०१७ साली लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. तरी त्यांनी काम सोडले नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये तो निन्टेन्डोच्या यंत्रावर आणि ऑक्टोबरमध्ये संगणकावर आला आणि त्या वर्षीच्या जागतिक गेम पुरस्कारांत पदार्पणाच्या सर्वोत्कृष्ट गेमसाठी त्याला नामांकन मिळाले. अशा संस्थेच्या दृष्टीने ३० टक्के वाटा आणि सेलमधील ७५ टक्के सवलत यांचा हिशेब करून पाहा. १००० रुपयांची वस्तू २५० ला गेली, त्यातले ७५ दुकानाचे, उरले १७५. त्यातही प्रकाशकाचा हिस्सा असतो. प्रत फुकटात निघते हे खरे, पण ती निर्माण करणाऱ्या माणसांचे आयुष्य फुकटात मिळत नाही. जून २०२५ पासून एपिकने प्रत्येक गेमच्या वर्षातील पहिल्या १० लाख डॉलरच्या विक्रीवर काहीच वाटा न घेण्याचे ठरविले. लहान निर्मात्याला असा दिलासा स्पर्धेमुळेच मिळाला, हे मान्य केले पाहिजे.

गिऱ्हाइकाची बाजू

स्वस्ताईचा आनंद कोणाला नको? नकली सीडी घेणारा मुलगा आज शे-दोनशे रुपयांत खरी प्रत घेतो, ही गोष्ट चांगलीच आहे. २०१५ पासून स्टीमवर घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असल्यास परतही करता येतो. पण दोन गोष्टींची जाण हवी. एक म्हणजे, आपण गेमचे मालक होत नाही. तो वापरण्याचा परवाना घेतो. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये तसा कायदा केल्यावर स्टीमने पैसे भरण्याच्या पानावर हे स्पष्ट लिहिण्यास सुरुवात केली. दुसरी म्हणजे, बाहेरच्या काही ठिकाणी गेमच्या 'की' अतिशय स्वस्त मिळतात. त्यांतील काही चोरलेल्या कार्डांवर घेतलेल्या असतात, आणि तो तोटा शेवटी निर्मात्याच्या माथी बसतो. परराज्यातील आंबा देवगडच्या नावाच्या खोक्यात घालून विकला जातो, तसाच हा प्रकार. हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरी नावाचा चोरटा व्यापार थांबलेला नाही.

हेच गणित हापूसला लागू पडेल काय?

आता या लेखाच्या मुख्य प्रयोजनाकडे येतो. गेल्या हंगामाच्या अखेरीस आमच्या वाडीतील बागायतदारांकडे ऑनलाइन विक्री करणाऱ्या एका कंपनीचा माणूस येऊन गेला. येत्या हंगामात त्यांच्या सेलमध्ये पेटी २० टक्के सवलतीने द्यावी, खप वाढेल आणि फायदा होईल, असे त्याचे म्हणणे. दलालाच्या पट्टीला कंटाळलेल्या माणसाला हे बोलणे गोड वाटणारच. जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि अडत खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरविले. थेट विक्रीची वाट त्यामुळे अधिक मोकळी झाली, आणि ती वाट चांगलीच आहे. प्रश्न सवलतीचा आहे.

हिशेबासाठी समजा, पेटीची किंमत ३००० रुपये आहे आणि ती गिऱ्हाइकापर्यंत पोहोचविण्याचा सर्व खर्च २००० आहे. शंभर पेट्यांवर १ लाख रुपये सुटतात. २० टक्के सवलत दिली की किंमत २४०० होते आणि पेटीमागे ४०० सुटतात. तेच १ लाख रुपये मिळवावयाचे तर २५० पेट्या विकाव्या लागतील. गेमवाल्याचा खप १६० पट झाला, कारण त्याला प्रती हव्या तेवढ्या काढता आल्या. आमची कलमे सवलत लावली म्हणून अडीच पट धरणार नाहीत. मोहोर, थंडी व अवेळी पाऊस यांच्यावर जे ठरायचे ते आधीच ठरलेले असते. सवलतीची युक्ती ज्या पायावर उभी आहे तो शून्य सीमान्त खर्चाचा पाया आंब्याला नाही. म्हणून गेमच्या बाजारात शहाणपणाची ठरलेली गोष्ट बागेत आणली तर ती बागायतदाराला बुडवू शकते.

याचा अर्थ सवलत कधीच देऊ नये असा नव्हे. मे महिन्याच्या मध्यास माल एकदम येतो आणि पुढे कॅनिंगचा भाव समोर दिसत असतो. त्या वेळी कॅनिंगपेक्षा जास्त हाती पडत असेल तर सवलतीने विकणेच बरे. हंगामाच्या आरंभी, जेव्हा गिऱ्हाईक पहिल्या पेटीसाठी वाट पाहत असते, तेव्हा मात्र ती देण्याचे काहीच कारण नाही. वरील विवेचनावरून कोणत्याही बागायतदाराने अशा कंपनीस तीन प्रश्न विचारावेत, असे मला वाटते. पहिला, सवलतीचा भार कोण सोसणार, कंपनी की आम्ही, आणि हे करारात लिहिणार काय? दुसरा, तुमच्याकडे ठेवलेल्या किमतीपेक्षा कमी किंवा जास्त किमतीने आम्ही दुसरीकडे विकण्यास मोकळे राहणार काय? तिसरा, सवलत हंगामाच्या कोणत्या आठवड्यात लागणार आणि ती तारीख कोण ठरविणार? हे तीन प्रश्न मी वडिलांना एका कागदावर लिहून दिले असून ते वाडीतील इतरांनीही पाहिले आहेत. निर्णय अर्थातच त्यांचा आहे.

एक सूचना करून लेख पुरा करतो. देवगड बंदरावर होणाऱ्या मासळीच्या लिलावाचा भाव आणि हंगामातील आंब्याच्या पेटीचा भाव यांची नोंद आपल्या अर्थशास्त्र मंडळाने आठवड्याच्या आठवड्याला एका वहीत ठेवावी. दोघा-तिघा विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हे काम केले तर फारसा वेळ जाणार नाही. चार-पाच वर्षांत ती वही भरली, की उतरत्या भावाबद्दल आपल्याला पुस्तकातील उदाहरणे शोधावी लागणार नाहीत आणि गावात करार घेऊन येणाऱ्या माणसापुढे ठेवावयास आपल्या लोकांकडे स्वतःचे आकडे असतील. या कामासाठी नावे देऊ इच्छिणाऱ्या मित्रांनी मंडळाकडे जरूर द्यावीत.